पगारी माणसाचं हौसेचं उड्डाण: नाशिकमधून खर्च कसा बसवावा?

सातपूर_टेकऑफ

मंडळी, मला पीपीएल करायचंय, म्हणजे खासगी वैमानिकाचा परवाना. नोकरीसाठी नाही, हौसेसाठी. वय ३९, सातपूरला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये आहे, चष्मा आहे, मुलगी सहावीत आहे आणि घराचा हप्ता अजून बरीच वर्षं चालणार आहे. एअरलाइनवाले मला घेणार नाहीत आणि मलाही जायचं नाही. त्यामुळे 'त्यापेक्षा सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचा परवाना) कर, पैसे तरी वसूल होतील' हा सल्ला कृपया देऊ नका. तो सासरेबुवांनी दिलाय.

साडेपाच लाख बाजूला आहेत. बायकोच्या संमतीने ते या कामाला लावता येतील. शिवाय ओढूनताणून महिन्याला १२ हजार काढू शकतो. नियमाप्रमाणे किमान ४० तास उड्डाण लागतं. तासाला १५ हजार धरले (दर जागेप्रमाणे आणि विमानाप्रमाणे बदलतात, हिशेबाला सोपा म्हणून हा आकडा घेतलाय) तर सहा लाख होतात. म्हणजे कमी पडतात पन्नास हजार, ते चार-पाच महिन्यांत उभे राहतील.

कागदावर तर जमतंय, म्हणूनच शंका येतेय. ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा: आत्ता सुरू करावं की थांबावं? दर रविवारी जाऊन करावं की रजा काढून सलग? आणि नाशिकहून जवळचं ठिकाण कोणतं?

गोदाकाठ

पहिला! आकडा वाचूनच धडधडलं, आधी जागा धरून ठेवतो. एवढ्यात आमच्या मेव्हण्याने सेकंडहँड एसयूव्ही घेतली. ती निदान दारात उभी तरी दिसते.

सातपूर_टेकऑफ

@गोदाकाठ, दारातच उभी असते, हाच तर प्रॉब्लेम. :)

निवृत्त_रिव्हेट

ओझरला एचएएलमध्ये (हिंदुस्तान एरोनॉटिक्स, सरकारी विमान कारखाना) नोकरी झाली, आता पेन्शनर आहे. जवळच्या ठिकाणाबद्दल मी सांगतो, बाकीचं उडणारे सांगतील.

ओझर डोक्यातून काढून टाका. धावपट्टी एचएएलची आहे. १९६४ साली मिग-२१ साठी हा कारखाना उभा राहिला, पुढे सुखोई-३० आले, आणि १७ ऑक्टोबर २०२५ ला इथल्या नव्या लाइनवरचं पहिलं तेजस मार्क-१ए उडालं. चाचणी उड्डाणं चालतात तिथे आपल्या दोन सीटच्या सेस्नाला रविवारी सकाळी गोल-गोल फिरू देतील, ही आशा सोडा. प्रवासी टर्मिनल २०१४ पासून आहे, पण तो भाग वेगळा. शहराच्या दुसऱ्या अंगाला गांधीनगर, तिथे लष्कराचं हेलिकॉप्टर प्रशिक्षण. त्याला लागून देवळाली, तोफखान्याचं स्कूल आणि फायरिंग रेंज. नाशिकच्या आकाशाचे मालक ठरलेले आहेत.

तुमच्यासाठी रस्ता एकच, मुंबई-आग्रा हायवे. धुळ्याला गोंदूरच्या विमानतळावर बॉम्बे फ्लाइंग क्लबचं प्रशिक्षण चालतं. क्लब १९२८ चा, मूळचा जुहूचा. पुढे शिरपूरला एसव्हीकेएमची अकादमी आहे. जळगाव आणि बारामतीलाही शाळा आहेत. फक्त हौसेच्या पीपीएलला कोण घेतं आणि कोण 'सीपीएलच करा' म्हणतं, हे प्रत्येक ठिकाणी फोन करून विचारावं लागेल.

कावळीण

परवाना आहे, पुण्यात राहते, पगारावरच उडते. दादा, तुमच्या हिशेबाला दोन ठिकाणी गळती आहे.

पहिली लहान आहे. ४० तास ही कायद्याची खालची मर्यादा. तेवढ्यात परवाना हातात पडेलच असं नाही. नोकरी सांभाळून येणाऱ्या माणसाने ५० ते ५५ धरावेत. पंधरा दिवसांच्या खंडानंतर विमानात बसलं की पहिली वीस मिनिटं मागचा धडा परत हातात बसवण्यात जातात, आणि मीटर काही तुमच्यासाठी थांबत नाही. ५२ तास गुणिले १५ हजार म्हणजे ७ लाख ८० हजार. वर मेडिकल, परीक्षांची फी, पुस्तकं, हेडसेट, धुळ्यातली खोली, जेवण, पेट्रोल. साडेआठ-नऊ लाख धरून चाला.

दुसरी गळती मोठी आहे आणि ती तुम्ही विचारलेल्या प्रश्नात आलेलीच नाही. परवाना मिळाल्यावर काय? महिन्याला १२ हजार म्हणजे तुमच्याच दराने ४८ मिनिटं. त्यातली दहा-बारा मिनिटं इंजिन सुरू करणं, टॅक्सी (विमान जमिनीवरून धावपट्टीपर्यंत नेणं) आणि रन-अप (उडण्याआधी इंजिन तपासणं) यात जातात. उरलेल्या पस्तीस मिनिटांत धुळ्याहून मालेगावपर्यंत जाऊन परत येता येईल. तेही त्या महिन्यात मुलीची फी, दिवाळी, गाडीचा विमा असं काही आलं नाही तर.

माझ्या बरोबरीच्या हौशी लोकांपैकी परवाना अर्धवट सोडलेले थोडे आहेत. परवाना मिळवून, पेढे वाटून, पुढच्या दोन वर्षांत उडणंच थांबलेले जास्त. त्यांनी सगळे पैसे परवान्यात घातले आणि उडायला काही ठेवलं नाही. म्हणून तुमच्याकडे साडेपाच लाख आहेत की सहा, हे मी विचारणार नाही. परवान्यानंतरच्या दोन वर्षांचे पैसे कुठून येणार, ते आधी सांगा.

सह्यवारा

+१ कावळीणताई. हेच लिहायला आलो होतो.

सातपूर_टेकऑफ

ताई, ४८ मिनिटांचा आकडा वाचून जरा गप्प बसलो होतो. पण महिन्याला ४८ मिनिटं हे इतकं वाईट आहे का? मला कुठे दिल्लीला जायचंय? वर गेलो, चांदवडचे डोंगर बघितले, उतरलो. आणि पैसे नसतील त्या महिन्यात नाही उडायचं, पुढच्या महिन्यात उडायचं.

कावळीण

महिन्याला ४८ मिनिटं वाईट नाहीत, नियमित असतील तर. त्यात पाच सर्किट बसतात: उड्डाण, धावपट्टीला वळसा, लँडिंग, परत उड्डाण. हात जागेवर राहतो. पण 'नाही जमलं तर पुढच्या महिन्यात' हे वाक्य आलं की मला भीती वाटते. एक महिना चुकतो, मग पाऊस लागतो, मग चार महिने. त्यानंतर एकट्याने जायचं की इन्स्ट्रक्टरला सोबत घ्यायचं, हा प्रश्न येतो. इन्स्ट्रक्टरचे पैसे वेगळे, म्हणून माणूस एकट्याने जायला बघतो. पैसे वाचवण्यातला खरा धोका तिथे आहे. घरचा खर्च आवळला तर माणूस गैरसोयीत राहतो, बाकी काही होत नाही. सरावाचे तास आवळले तर फायनलवर, म्हणजे उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यात, आडवा वारा आला की विमान कोण सांभाळणार?

माझा नियम असा: दोन महिन्यांपेक्षा जास्त खंड पडला की पहिलं उड्डाण इन्स्ट्रक्टरबरोबरच. त्याचे पैसे वर्षाच्या सुरुवातीलाच बाजूला काढते, नंतर शोधत बसत नाही.

गोदाकाठ

हा धागा आता माझ्या मिसेसना दाखवणार आहे. कुठलाही खर्च यापुढे स्वस्त वाटेल.

खान्देशी_१७२

सातपूरभाऊ, मी सीपीएलचा विद्यार्थी. कुठे ते विचारू नका, अजून बरेच तास बाकी आहेत माझे. फ्लाइटलाइनवरून, म्हणजे विमानं उभी असतात तिथून, दिसतं ते सांगतो.

आम्हाला २०० तास पूर्ण करायचे असतात आणि प्रत्येक जण घाईत असतो, कारण बहुतेकांच्या डोक्यावर कर्ज आहे. विमानं मोजकी, त्यातलं एखादं मेंटेनन्सला. इन्स्ट्रक्टर मोजके. सकाळची शांत हवा सगळ्यांनाच हवी. अशा वेळी रविवारी येणारे हौशी काका (माफ करा) यादीत शेवटी जातात. नऊला बोलावतात, साडेअकराला नंबर येतो, तोवर ऊन तापून विमान उड्या मारायला लागलेलं असतं. दुपारी चहा पिऊन परत. पैसे गेले नाहीत तरी दिवस गेला, शिवाय नाशिक-धुळे जाऊन-येऊन तीनशेच्या वर किलोमीटर.

त्यामुळे रविवारचं गणित सोडा. रजा साठवा आणि सलग तीन-चार आठवडे येऊन राहा. ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत बघा. हिवाळ्यात काही सकाळी धुरकट असतात, पाच किलोमीटर दिसत नाही तोवर थांबावं लागतं, पण तरी तोच मोसम बरा. एप्रिल-मे मध्ये आमच्याकडचं ऊन तुम्हाला माहीतच आहे. गरम हवा पातळ असते. विमान धावपट्टीवर जास्त पळतं आणि वर चढायला कुरकुरतं. दोन धडधाकट माणसं आणि भरलेली टाकी असेल तर सेस्ना १५२ (दोन सीटचं विमान) तुम्हाला पायी चालल्यासारखं वाटेल. जून ते सप्टेंबर ढगांवर अवलंबून.

आणि एक. पूर्ण फी एकदम भरू नका, कितीही सवलत दाखवली तरी. दहा-दहा तासांचे पैसे भरा. अर्धवट सोडलं तर परतावा किती आणि किती दिवसांत, हे लेखी घ्या. हे आमच्या बॅचमधल्या दोघांना विचारा. (नाव लिहिणार नाही.)

निवृत्त_रिव्हेट

पोराने चांगलं लिहिलंय. तासाला एवढा दर का, हेही कळलं पाहिजे, नाहीतर सगळे लुटतात असं वाटत राहतं.

सेस्ना १७२ च्या लायकमिंग इंजिनाला साधारण २,००० तासांनी ओव्हरहॉल. त्या खर्चातला वाटा तुमच्या प्रत्येक तासात असतो. दर ५० तासांनी तेल, दर १०० तासांनी तपासणी. ती सही करायला परवानाधारक इंजिनियर लागतो आणि त्याला पगार लागतो. लहानसा सुटा भागही प्रमाणपत्रासकट यावा लागतो. बाजारात तसाच दिसणारा मिळतो म्हणून चालत नाही. इंधन म्हणाल तर १५२ तासाला बावीस-तेवीस लिटर पिते, १७२ तीसच्या आसपास. आणि ते पंपावरचं पेट्रोल नव्हे, अ‍ॅवगॅस १०० एलएल. हे आपल्याकडे बाहेरून यायचं. सप्टेंबर २०२२ पासून इंडियन ऑइल वडोदऱ्याच्या रिफायनरीत बनवते. एवढं करून विमान पावसाळ्यात उभं. उभ्या विमानाचाही विमा आणि हँगर सुटत नाही, तो खर्च उडणाऱ्या तासांवर पडतो.

पूर्वी सरकारच क्लबांना मदत करायचं. एचएएलने तर क्लबांसाठी म्हणून 'पुष्पक' बनवलं. १९५८ ला पहिलं उड्डाण, दोन सीट, ९० हॉर्सपॉवर, कापडी पंख. (ते बंगळुरूला बनलं, ओझरला नाही. इथल्या लोकांना सगळंच आपण बनवलं असं वाटतं.) तसं साधं, स्वस्त विमान क्लबांच्या हातात आज असतं तर तुमचा प्रश्नच निम्मा झाला असता. हल्लीची रोटॅक्स इंजिनची हलकी विमानं कमी पितात आणि साध्या पेट्रोलवरही चालतात. कुठे पीपीएलसाठी मिळत असतील तर दर जरूर विचारा.

पिंपळगावचा_बागायतदार

भो, मी वेगळाच विचार करतोय. माझ्या रानात सरळ पट्टा निघतो. चौघं मित्र मिळून जुनं दोन सीटचं विमान घ्यायचं आणि खर्च चार ठिकाणी वाटायचा. द्राक्षाला एक साल बरं गेलं की माझा वाटा निघतो. सातपूरवाले, तुम्ही पाचवे या. क्लबाला तासाला पंधरा हजार कशाला द्यायचे?

निवृत्त_रिव्हेट

पाटील, विमान घेण्याआधी डीजीसीएची (नागरी विमान वाहतुकीचं सरकारी खातं) परवानगी, मग आयात, मग नोंदणी, मग दरवर्षी उड्डाणयोग्यतेची तपासणी. वैयक्तिक वापराच्या विमानावर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ४० टक्के. रानातल्या पट्ट्याला वेगळी परवानगी, आणि तुमचं रान ओझरपासून किती लांब आहे ते तुम्हीच सांगा. एचएएलच्या दारात तुमची खासगी धावपट्टी कोण मंजूर करेल?

पिंपळगावचा_बागायतदार

ओझर रानातून दिसतं. :( आणि भागीदारीचं म्हणाल तर मीच म्हणतो, आमची सामाईक विहीर आहे, चार भावांची. पाणी असतं तेव्हा चौघांची पाळी एकाच दिवशी येते आणि मोटर जळते तेव्हा कोणाचीच नसते. विमानाचं तेच होणार. विचार मागे घेतो. अ‍ॅवगॅस ड्रममध्ये मिळतं का हो, हे मात्र सहज विचारतोय.

गोदाकाठ

पाटील, 'सहज'??

नाशिकचा_ओहायोत

मूळ गंगापूर रोडचा, सध्या कोलंबस. इथे हाच छंद का परवडतो ते लिहितो, काही घेण्यासारखं असेल तर घ्या.

इथे मध्यमवर्गीय माणूस क्लबात उडतो. वीस-तीस सभासद, दोन-तीन जुनी विमानं, महिन्याला थोडी वर्गणी आणि तासाचा दर. आमच्या क्लबात १५२ तासाला ११० डॉलर आहे, पेट्रोलसकट. रुपयांत साडेनऊ हजारांच्या पुढे-मागे. म्हणजे दरात आकाश-पाताळाचा फरक नाही हो, पगारात आहे.

एक बारकावा मात्र तुमच्याकडेही विचारा: मीटर कोणता? हॉब्ज मीटर इंजिन चालू असेपर्यंत घड्याळासारखा पळतो. टॅक मीटर इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो, टॅक्सी करताना हळू सरकतो. त्याच उड्डाणाला टॅकवर दहा-पंधरा टक्के कमी तास लागतात. दर सारखा दिसला तरी बिल सारखं नसतं. आणि दर पेट्रोलसकट आहे की पेट्रोल वेगळं, तेही बघा.

दुसरं म्हणजे वाटणी. इथल्या नियमात खासगी वैमानिकाला नफा घेता येत नाही, पण पेट्रोल, तेल, विमानतळाचे पैसे आणि भाडं सोबतच्या माणसांबरोबर वाटून घेता येतं. मुख्य अट अशी, वैमानिकाने स्वतःचा समान वाटा भरायचाच. मित्र आला की खर्च निम्मा. भारतात असं करण्याआधी क्लबाकडून नियम नीट समजून घ्या. 'काकांना फिरवून आणलं, त्यांनी पाच हजार दिले' हे भाड्याने उडवणं ठरू शकतं, आणि पीपीएलवर पैसे घेऊन उडवता येत नाही.

टुरिस्ट व्हिसावर इकडे येऊन परवानाच करून जायचा, असं मनात असेल तर सोडून द्या. प्रशिक्षणाला वेगळा व्हिसा लागतो, शिवाय परदेशी विद्यार्थ्यांची सुरक्षा तपासणी असते. भारतातला पीपीएल असेल तर त्याच्या आधारावर इथला परवाना मिळायची सोय आहे. कधी भावाकडे महिनाभर आलात तर ते बघा.

सह्यवारा

आता मी बोलतो, शिव्या खायची तयारी आहे. सातपूर, तुम्हाला उडायचंय की विमान चालवायचंय?

उडायचंच असेल तर कामशेत. ऑक्टोबर ते मे पॅराग्लायडिंगचे कोर्स चालतात. चार-पाच दिवसांच्या सुरुवातीच्या कोर्सला वीस-पंचवीस हजार धरा. तुमचे दोन महिन्यांचे पैसे. पुढे सवय झाली, स्वतःचं सेकंडहँड पंख-हार्नेस-रिझर्व्ह घेतलं, तर लाख-दीड लाखात काम होतं आणि नंतर तासाचा दर शून्य. तुम्ही ४८ मिनिटांसाठी १२ हजार मोजणार, मी तेवढ्यात आख्खा मोसम काढतो. सिन्नर-संगमनेर-चाकण-तळेगाव असा रस्ता. चाकणच्या ट्रॅफिकमध्ये जेवढा वेळ अडकतो तेवढा वेळ हवेत राहिलो तरी मी खूश.

हडपसरला डीजीसीएचं ग्लायडिंग सेंटरही आहे. विंचच्या दोराने ओढून वर सोडतात, नंतर सगळं तुमच्या हातात. कधी चालू, कधी बंद असतं, म्हणून फोन करूनच निघा.

सातपूर_टेकऑफ

सह्यवारा, राग नाही. पण मला इंजिन पाहिजे. मी टूलरूमचा माणूस आहे. मिश्चर, मॅग्नेटो, कार्ब हीट ही नावं वाचून मला जे होतं ते कापडाखाली लटकून नाही होणार.

सह्यवारा

मग प्रश्न मिटला. काही लोक वाऱ्यासाठी जातात, काही स्पार्क प्लगसाठी.

कावळीण

सह्यवाराची थट्टा करू नका, त्याच्या म्हणण्यात अर्थ आहे. वारा कुठून उचलतो, डोंगराच्या मागे कसा कोसळतो, ढग कधी फुगायला लागतात, हे ग्लायडरवाल्यांना जसं कळतं तसं आम्हाला कळायला बरेच महागडे तास जातात. परवान्याचे पैसे साठेपर्यंत कामशेतचा एक कोर्स केलात तर ते पैसे वाया जाणार नाहीत.

आता फुकटातल्या आणि थोडक्या पैशातल्या गोष्टी.

मेडिकल आधी. क्लास २, डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरकडूनच. कॉलनीतल्या एमबीबीएसचं प्रमाणपत्र चालत नाही. रंग ओळखणं, साखर, बीपी, ईसीजी. काही निघालं तर पाच-सहा हजारांत कळेल, तीन लाख भरल्यावर नको.

अभ्यास उड्डाणाच्या आधी. एअर रेग्युलेशन्स, नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, विमान आणि इंजिन. हे सगळं सातपूरला घरी बसून रात्री होतं, आणि शेवटच्या विषयात तुम्हाला काही कठीण नाही. वातानुकूलित वर्गाचे हजारो रुपये भरायची गरज नाही. रेडिओची परीक्षा पूर्वी दूरसंचार खात्याकडे होती, २०२५ ला लागू झालेल्या नव्या कायद्यापासून डीजीसीएकडे आलीय. त्यामुळे जुन्या ब्लॉगवरची माहिती वाचून अर्ज करू नका.

सिम्युलेटर घ्या. घरचा कॉम्प्युटर आणि साधी जॉयस्टिक. त्याचे तास लॉगबुकात चढत नाहीत आणि लँडिंगचा हातही त्याने बसत नाही. पण चेकलिस्ट, सर्किटचे टप्पे, रेडिओवर कधी काय बोलायचं, वळताना कुठे बघायचं, हे बसतं. बाकी खुर्चीत डोळे मिटून. स्वयंपाकघरातलं स्टूल चालतं. प्री-स्टार्टपासून शटडाउनपर्यंत हात हलवत, मोठ्याने बोलत. घरातले हसतात, हसू द्या. इंजिन चालू असताना चेकलिस्ट शोधणाऱ्या माणसाचे पैसे कसे जळतात ते मी पाहिलंय.

आणि क्रॉस-कंट्री (दुसऱ्या विमानतळावर जाण्याचं लांबचं उड्डाण) आली की मार्ग स्वतः आखा. परवान्यासाठी १५० नॉटिकल मैलांचं एकट्याचं उड्डाण लागतं, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून. इन्स्ट्रक्टर आखून देईल म्हणून बसलात तर त्याचा वेळ म्हणजे तुमचेच पैसे.

विमा_वाचलेला

कोणी लिहिलं नाही म्हणून: तुमची वैयक्तिक अपघात पॉलिसी काढून अपवादांचं पान वाचा. तिकीट काढून बसलेला प्रवासी सोडून बाकी कुठल्याही उड्डाणातला अपघात बहुतेक पॉलिसींत बाहेर ठेवलेला असतो. टर्म इन्शुरन्स असेल तर छंदाबद्दल कंपनीला लेखी कळवा. घरावर हप्ता आहे आणि मुलगी लहान आहे म्हणता, तर हा खर्चही तुमच्या बजेटमधलाच.

सातपूर_टेकऑफ

हे खरंच डोक्यात नव्हतं. रात्री पॉलिसी काढून बघितली. तसंच लिहिलंय.

खान्देशी_१७२

एक राहिलं. ओळखीत कोणी सीपीएलचा विद्यार्थी असेल आणि क्लबाची परवानगी असेल, तर मागच्या सीटवर बसून बघा (१७२ मध्ये, १५२ ला मागची सीट नसते). दुसऱ्याची चूक कळते आणि आपले पैसे लागत नाहीत. आणि कॉलेजच्या पोरांनो, धागा वाचत असाल तर एनसीसीच्या एअर विंगची चौकशी करा. कॅडेटना मायक्रोलाइट या छोट्या हलक्या विमानात बसायला मिळतं. आमच्या काकांचं वय गेलं, तुमचं नाही.

सातपूर_टेकऑफ

'काका' चिकटलं वाटतं.

बरं, सगळ्यांचं ऐकून बायकोबरोबर बसून पुन्हा मांडलं. परवान्याला ९ लाख. त्यानंतरची दोन वर्षं, महिन्याला एक तास म्हणजे २४ तास, ३ लाख ६० हजार. इन्स्ट्रक्टरसोबतची काही उड्डाणं आणि विम्याचा जादा हप्ता धरून पावणेचार-चार. एकूण १३ लाख. हातात साडेपाच आहेत. महिन्याला १२ हजार म्हणजे वर्षाला १ लाख ४४ हजार, म्हणजे अजून पाच वर्षांवर. एवढं थांबलो तर ४४ चा होईन.

बायकोने मधला मार्ग काढला. परवान्यानंतरचे पैसे सगळे आधी जमवायची गरज नाही, कारण महिन्याचे १२ हजार तेव्हाही चालूच राहणार. म्हणजे आधी ९ लाख जमवायचे आणि पहिल्या वर्षाची गळती भरायला वर लाखभर. दहा लाख. साडेचार लाख कमी. बोनस सगळा यात टाकला तर दोन ते अडीच वर्षं. तिची एक अट आहे: परवाना झाल्यावर १२ हजारांना हात लावायचा नाही, अगदी तिनेही मागितले तरी.

ताई, हे चालेल का?

कावळीण

चालेल. वहिनींना माझ्याकडून नमस्कार, हिशेब त्यांच्याकडेच राहू द्या. फक्त १५ हजारांचा दर अडीच वर्षांनी तसाच राहील असं धरू नका, दहा लाखांच्या जागी अकरा म्हणा.

गोदाकाठ

मी एसयूव्ही रद्द करतोय. मेव्हण्याची.

सातपूर_टेकऑफ

अकरा लिहिले. या हिवाळ्यात कामशेतचा कोर्स (सह्यवारा, व्यनि म्हणजे खासगी निरोप पाठवलाय), मेडिकल या महिन्यात, अभ्यास आजपासून. खान्देशी, धुळ्याला एकदा नुसतं बघायला येतो. रविवारी की मधल्या वारी?

खान्देशी_१७२

मधल्या वारी, सकाळी सातच्या आत. नंतर आलात तर कोणी बोलायला रिकामं नसतं. गेटवर नोंद लागते, आधार कार्ड ठेवा जवळ.

पिंपळगावचा_बागायतदार

मला पण घ्या गाडीत. पिंपळगाव टोलच्या अलीकडे थांबतो. पहाटे चार-साडेचारला निघावं लागेल, चहा माझ्याकडे.

कावळीण

मेडिकलला जाताना चष्मा आणि त्याचं ताजं प्रिस्क्रिप्शन दोन्ही न्या. सुटा चष्माही असेल तर बरं. रक्त उपाशीपोटी घेतात की कसं, ते आदल्या दिवशी फोनवर विचारा, आणि रात्रपाळी करून सरळ तिथे जाऊ नका, बीपी वर दिसतं.